बाईची जागा

पिपलानी, भोपाळ
ता. २० जून १९७८

ती. सौ. रत्नप्रभाताईंना,
मंगलाचा सा. न. वि. वि.

तुमच्या धाकट्या दिरांना परवा गाडीत बसवून आले. आता दोन वर्षं ते बर्फात आणि मी भोपाळच्या उन्हात. लग्नात तुम्ही माझ्या कानात सांगितलं होतं, की फौजी नवऱ्याला निरोप देताना रडायचं नाही, गाडी सुटल्यावर हवं तेवढं रडावं. त्याप्रमाणे गाडी सुटल्यावर हवं तेवढं रडले. मग कडकडून भूक लागली म्हणून स्टेशनवर उभ्याउभ्या दोन समोसे खाल्ले. दोन्ही गोष्टी तुमच्या कानावर असाव्यात.

हे गेले तशी बैरागडची लष्करी खोलीही गेली, म्हणून मी शंकरमामांच्या क्वार्टरात राहायला आले आहे. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, इथल्या वीजयंत्रांच्या कारखान्यात फोरमन. उषामामी ग्वाल्हेरच्या. घरात मराठीच बोलतात, पण त्या चहा ‘बनवतात’ आणि सकाळी ‘नहायला’ जातात. माणूस मात्र लाखात एक. वसाहत झाडाझुडपांची, नेटकी, पण सगळी क्वार्टरं एका साच्यातून काढलेली. काल मी दळणाचा डबा घेऊन भलत्याच घरात शिरले आणि त्यांच्या ओट्यावर डबा ठेवून त्यांच्याच माठातलं पाणी प्याले. त्या बिचाऱ्या बाईंनी वर आणखी हवं का विचारलं.

आता मुद्द्याचं. ह्यांचा-माझा करार झालाय. गणपतीपर्यंत मला इथे नोकरी लागली तर मी भोपाळात राहायचं, नाहीतर गाशा गुंडाळून गावी सासूबाईंकडे. सासूबाईंचं मला ओझं नाही, ताई. पण कराडच्या शाळेतली माझी जागा केव्हाच भरली. तिथे गेले की मी सकाळी गोठा आणि दुपारी झोप, यातच म्हातारी होणार. आठ वर्षं पोरांना पाढे शिकवले, त्या जिभेला गंज चढेल. मला बाई व्हायचंय, पुन्हा.

तुम्ही दादांच्या मागे सात छावण्या फिरलात आणि प्रत्येक ठिकाणी काही ना काही नोकरी मिळवलीत. मला शिकवा. माझं हिंदी म्हणजे मराठीला ‘है’ लावलेलं. शिवाय डी. एड.चं प्रमाणपत्र ट्रंकेत नेमकं लोणच्याच्या बरणीखाली गेलं होतं. त्यावरच्या सही-शिक्क्याला आता कैरीचा खमंग वास येतो.

तुमचं बी. ए.चं अर्थशास्त्र राहिल्याचं कळलं. सप्टेंबरच्या पुरवणी परीक्षेला तुमचं गणित मी पत्रातून करून घेणार, हा माझ्याकडचा शब्द. सरासरीला भ्यायचं काही कारण नाही. घरातल्या सगळ्यांच्या पोळ्या एका डब्यात घालायच्या आणि सारख्या वाटायच्या, झाली सरासरी. प्रत्यक्षात तेवढ्या पोळ्या कुणीच खात नाही, हीच तिची गंमत.

दादांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, जास्तीचा पार्सलनं पाठवा.

आपली,
मंगला


अंबाला छावणी
ता. २८ जून १९७८

चि. सौ. मंगलास,
रत्नप्रभाचे अनेक आशीर्वाद.

समोसे खाल्लेस हे फार उत्तम केलंस. मी पहिल्या वेळी उपाशी राहिले होते, त्यानं ह्यांची गाडी काही परत आली नाही.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. लोणच्यापर्यंत आले तेव्हा तुझे दादा असे हसले, की चहा नाकात गेला. हसू देत. पण तू कान उघडून ऐक. बदलीचा हुकूम आला की आधी सर्टिफिकिटं आणि मग पातेली, हा आपल्या जातीच्या बायकांचा पहिला धडा. पातेली कुठेही मिळतात गं. माझं टायपिंगचं सर्टिफिकेट झाशीत उंदरांनी खाल्लं. तेव्हापासून मी सगळे कागद बिस्किटाच्या डब्यात ठेवते, आणि दर बदलीला तो डबा माझ्या मांडीवर असतो. तुझे दादा म्हणतात, मुलं ट्रकमागे राहिली तरी चालतील पण हिचा डबा नाही.

नोकरी मागायला जाताना मान वर. नवरा कुठल्या हुद्द्यावर आहे हे सांगू नकोस, तू काय करतेस ते सांग. अर्ज लेखी कर, आणि मामांच्या ओळखीच्या हिंदी माणसाकडून तपासून घे. तोंडी बोलण्याच्या फंदात पडू नकोस. आणि एक लक्षात ठेव, हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. अमृतसरला मला एकांनी विचारलं, की आपकी शिक्षा कहाँ हुई. मी ताठ मानेनं सांगितलं, की आमच्या घराण्यात आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही. ती नोकरी गेली. तेवढा एक शब्द सांभाळलास की तू तरलीस.

पोळ्यांचं गणित समजलं. पण तुझ्या दादांच्या पोळ्या धरल्या तर सरासरी सगळ्यांच्या आवाक्याबाहेर जाते. अपूर्णांकाचं मात्र माझ्या डोक्यात अजिबात शिरत नाही. आठ मोठे, तर एक अष्टमांश एक चतुर्थांशापेक्षा लहान कसा? हे मला शाळेतही कुणी धड सांगितलं नाही.

सांभाळून राहा. मामींना नमस्कार. आशीर्वाद आहेतच, कमी पडले तर कळव.

तुझी,
रत्नप्रभाताई


पिपलानी, भोपाळ
ता. ९ जुलै १९७८

ती. सौ. ताईंना,
मंगलाचा घाईघाईचा, पण पुरता वाकून नमस्कार.

ताई, लागली! नोकरी लागली! दोन मिनिटांत लागली! मी बाई झाले!

टाऊनशिपमधल्या शाळेत मी नुसता अर्जाचा नमुना आणायला गेले होते, तुमच्या आज्ञेप्रमाणे. पण कारकुनांनी काय काम आहे म्हणून विचारलं, आणि माझी जीभ तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगून टाकलं, की मैं बाई हूँ, कराड के स्कूल में आठ बरस बाई थी, इधर बाई की जगह है क्या. ताई, त्यांचा चेहरा असा उजळला! म्हणाले, की महिनाभर झाला, आम्ही बाईच शोधतोय, मिळतच नाही. तसंच मला बड्या बहनजींपुढे नेलं. मुख्याध्यापिकेला इथे बडी बहनजी म्हणतात, नाव लीलावती मिश्रा. त्यांनी प्रमाणपत्र बघितलंसुद्धा नाही, लोणच्याची काळजी फुकट गेली. दोनच प्रश्न विचारले. सकाळी सातला येता येईल का, आणि छोट्या मुलांची घिन, म्हणजे किळस, तर येत नाही ना. मला तो दुसरा प्रश्न फारच आवडला. आम्हाला डी. एड.ला दोन वर्षांत कुणी इतकं मुळातलं विचारलं नव्हतं. शिक्षा हा शब्द निघालाच नाही, मी तयारीत होते.

शाळा इतकी आधुनिक आहे! बालवर्गाला एक नाही, दोन शिक्षिका. सरोजदीदी खुर्चीवर बसून अक्षरं शिकवतात आणि मी स्वावलंबन शिकवते. म्हणजे नाक पुसणं, नाड्या बांधणं, ओळीनं पाणी पिणं, ओळीनं बाथरूमला जाणं. मोठ्या वर्गांची मुलंसुद्धा मधल्या सुट्टीत माझ्याच माठावर येतात. ओळीत उभी राहून कंटाळतात, म्हणून मी त्यांच्याकडून पाढे म्हणून घेते. ज्याचा पाढा चुकला, तो ओळीत मागे. आता तहान लागो न लागो, पोरं पाढे म्हणायला येतात. शाळा सुटली की वर्ग आपणच झाडायचा. आमच्या प्राचार्या मूलोद्योग शिक्षणावर तासन्‌तास बोलायच्या, पण हातात झाडू घेतलेली शिक्षिका मी इथेच पाहिली, म्हणजे मीच. शारदा म्हणून एक अनुभवी सहकारी आहेत, त्यांनी सगळं दाखवलं. त्या मला एकदा म्हणाल्या, की कडक इस्त्रीची साडी आणि पर्स घेऊन येणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय. मला भारी अभिमान वाटला.

पगार जरा बेताचा वाटतो, पण सुरुवात आहे. मामींनी सगळ्या ओळीत पेढे वाटले. समोरच्या मराठी मंडळींनी हळदीकुंकवाला बोलावून ओटी भरली. ह्यांनाही कालच पत्र टाकलं, की करार मी जिंकले.

तुमच्या अष्टमांशाचं उत्तर शोधते आहे. पोळ्यांनी जमत नाही, दुसरं काही सापडेल.

आनंदात न्हालेली (नहालेली नव्हे),
मंगला


तार
अंबाला छावणी, १४ जुलै १९७८
मंगला जगदाळे, पिपलानी, भोपाळ
झाडू ठेव. पत्र येत आहे. रत्नप्रभा


अंबाला छावणी
ता. १४ जुलै १९७८

चि. सौ. मंगलास,
आशीर्वाद, आणि हा कपाळावर हात.

अगं बाई! आणि ही शेवटची बाई, यापुढे हा शब्द जपून वापर. हिंदी मुलखात बाई म्हणजे शिक्षिका नव्हे गं, वेडाबाई. बाई म्हणजे घरात भांडी घासते ती, शाळेत पाणी भरते आणि केर काढते ती. तू जाऊन सांगितलंस, की मी आठ वर्षं शाळेत बाई होते आणि बाईची जागा हवी. त्यांना बाईच हवी होती. त्यांनी दिली. यात त्यांचा काडीचा दोष नाही. सरोजदीदी शिक्षिका आहे आणि तू तिची बाई आहेस. मूलोद्योग कसला डोंबलाचा!

तुझं पत्र वाचताना झाडूपाशी आले आणि मला एवढं हसू फुटलं, की शेजारची कॅप्टनीणबाई (बघ, आपल्याला सवयच) धावत आली. मग हसता हसता रडू आलं. काम हलकं म्हणून नव्हे. शारदा ते करते आणि तू तिला मान देतेस, तसाच देत जा. पण तुझी जागा दुसरी आहे, आणि ती तू न मागताच सोडून बसली आहेस. आपल्या नवऱ्यांना बदलीचा हुकूम मिळतो तेव्हा हुद्दा त्यांच्याबरोबर जातो. आपला हुद्दा मागच्या गावातच राहतो, मंगला. प्रत्येक वेळी तो नव्यानं मागून घ्यावा लागतो, मोठ्यानं. तू मागितलास, फक्त चुकीच्या भाषेत.

तेव्हा नोकरी लगेच सोडू नकोस, रडत तर मुळीच बसू नकोस. बड्या बहनजींकडे जा. खाली मी हिंदीतलं भाषण लिहून दिलंय, इथल्या शाळेच्या हेडमास्तरीणबाईंकडून तपासून घेतलंय. पाठ कर. सर्टिफिकेट ने, वासासकट. आणि काय होतं ते उलट टपाली कळव. माझा इथे जीव टांगणीला लागला आहे.

तुझी,
रत्नप्रभाताई


पिपलानी, भोपाळ
ता. २० जुलै १९७८

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

आधी भांडते, मग बाकीचं. ताई, फौजीच्या घरी कुणी तार पाठवतं का!

तार आली तेव्हा मी शाळेत होते. घरी मामी एकट्या. तार फोडायची त्यांची छाती झाली नाही. तशाच पिठाच्या हातांनी, पदर सुटलेला, रडत रडत शाळेत धावत आल्या. पिपलानीपासून शाळेपर्यंतच्या प्रत्येक क्वार्टरातलं माणूस त्यांच्यामागे. मी वर्गात मुलांनी सांडलेला खाऊ झाडत होते. मामींच्या हातातला कागद बघितला. ताई, खरं सांगते, त्या क्षणी मला ह्यांचा चेहरासुद्धा आठवेना. शारदाताईंनी मला धरून खाली बसवलं. सरोजदीदी, कारकून, बडी बहनजी, सगळे गोळा झाले. मी तार फोडली. त्यात लिहिलेलं, की झाडू ठेव.

माझ्या हातात झाडू होता. मी ठेवला. तुमची आज्ञा मी आयुष्यात इतक्या तत्परतेनं कधीच पाळली नसेल. मग तार पुन्हा वाचली. आधी वाटलं, लष्कराची काही सांकेतिक भाषा असेल. बड्या बहनजींनी मामींना अर्थ विचारला आणि कपाळाला आठ्या घातल्या. थोरली जाऊ अंबाल्याहून तार करून झाडू ठेवायला सांगते, असं सासर त्यांनी पाहिलं नव्हतं. मामी तिथेच मटकन बसल्या, रडताना हसायला लागल्या, आणि मग सगळा बालवर्ग हसायला लागला. मला काही कळलं नव्हतं, तरी मीही हसले. हे जिवंत आहेत, एवढंच मला पुरेसं होतं.

मग तुमचं पत्र आलं आणि कळलं. ताई, मी ते मोरीत बसून वाचलं. ओटी भरली माझी! पेढे वाटले! मामा म्हणाले, की पेढे पोटात गेले, आता परत मागता येत नाहीत, तेव्हा तुला शिक्षिका व्हावंच लागेल. शारदाताईंना सगळं सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या. त्यांना पहिल्याच दिवशी शंका आली होती, पण त्यांना वाटलं मी नवऱ्यानं टाकलेली मोठ्या घरची आहे, म्हणून कशाला विचारायचं.

भाषण पाठ करून काल बड्या बहनजींकडे गेले. एकही शब्द चुकले नाही. सर्टिफिकेट दाखवलं, त्यांनी ते नाकापासून जरा लांब धरलं. मग शांतपणे म्हणाल्या, की प्राथमिकला गणिताच्या शिक्षिकेची जागा खरंच आहे, १२ ऑगस्टला मुलाखत, ३१ जुलैपर्यंत अर्ज. आणि शेवटी, ताई, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, की आप भी चेष्टा कीजिए.

मी एवढं काळजापासून बोलले आणि ही बाई मला चेष्टा करायला सांगते! माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठून सांगितलं, की मैं चेष्टा कभी नहीं करूँगी, यह मेरे खानदान में नहीं है.  त्या म्हणाल्या, की जैसी आपकी इच्छा. आणि कागदावर माझं नाव लिहायला उचललेलं पेन खाली ठेवलं.

असल्या माणसाच्या हाताखाली मला काम करायचं नाही. अर्ज करणार नाही. गणपतीला गावी जाईन, गोठा बरा. तो निदान चेष्टा करत नाही.

तुमची रागावलेली,
मंगला


तार
अंबाला छावणी, २५ जुलै १९७८
मंगला जगदाळे, पिपलानी, भोपाळ
सर्व खुशाल. घाबरू नका. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न. अर्ज कर गाढवे. रत्नप्रभा


पिपलानी, भोपाळ
ता. १४ ऑगस्ट १९७८

ती. सौ. ताईंना,
मंगलाचा साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरंच जमिनीवर पडून.

फौजी बायकांना तार करायची ही पद्धत सरकारनं कायदा करून लागू करावी. पहिले दोन शब्द ‘सर्व खुशाल’, मग पाहिजे तेवढ्या शिव्या. तारवाल्यानं ती मला देताना विचारलं, की ही शब्दकोड्याची स्पर्धा आहे का.

म्हणजे मी बड्या बहनजींना तोंडावर सांगून आले होते, की मी प्रयत्न कधी करणार नाही, प्रयत्न करणं माझ्या खानदानात नाही! तशीच धावत गेले. तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं, की मराठीत चेष्टा म्हणजे मजाक. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. त्या रडतायत की काय म्हणून मी घाबरले, तर त्यांना हसू आवरत नव्हतं. स्वतः माझ्याकडून अर्ज लिहून घेतला.

परवा मुलाखत झाली. आम्ही पाच उमेदवार. बाकीच्या चौघी खणखणीत हिंदी बोलणाऱ्या, एकीकडे तर दोन पदव्या. समितीत बडी बहनजी आणि कारखान्याचे दोन साहेब. प्रत्येकीनं चौथीच्या वर्गाला एक पाठ शिकवून दाखवायचा होता. माझ्या वाट्याला काय आलं असेल? तुमचे अपूर्णांक!

वर्गात शिरले तर पोरं ओरडली, की बाई आ गई, आणि निम्मी सवयीनं ओळीत उभी राहिली. साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. मी फळ्यावर एक चतुर्थांश लिहिला आणि मोठ्या आवाजात शिकवायला लागले, की देखो बच्चों, ऊपर अंश, नीचे छेद.

ताई, हिंदीत छेदाला हर म्हणतात. छेद म्हणजे भोक.

आख्ख्या वर्गानं आधी खाली बघितलं. मागच्या बाकावरच्या दोघांनी आपापल्या चड्ड्या तपासल्या. मग जो हशा उसळला! एका साहेबांनी रुमाल तोंडात कोंबला. मला कळेना काय झालं, पण एवढं कळलं, की पुन्हा एक शब्द मला खड्ड्यात घालून गेला. शिक्षा सांभाळली, चेष्टा सांभाळली, आणि हा तिसरा कुठून टपकला! कान तापले. डोळ्यांपुढे गावचा गोठा दिसायला लागला. पहिल्या बाकावरच्या मीना नावाच्या मुलीनं तिचा सदरा वर करून त्यातलं भोक मला दाखवलं, की बाई, छेद. तेव्हा उलगडलं.

आणि मग मला माठ आठवला. माझा माठ, ज्याच्यापाशी महिनाभर उभी होते. म्हटलं, भोक तर भोक! फळ्यावर मोठा माठ काढला आणि सांगितलं, की हो, नीचे छेदच आहेत. या माठाला खाली दोन छेद पाडले, तर तेच माठभर पाणी दोन धारांत वाटलं जाईल. चार पाडले तर चार धारा. आठ पाडले तर आठ. आता तहान लागली असेल तर तुम्ही पेला कुठल्या माठाखाली धराल? ती पोरं माझ्या ओळीत तहानलेली उभी राहिलेली, ताई. सगळी एकदम ओरडली, की दोन छेदवाल्या! आठ छेदांची धार बारीक येते, हे त्यांना सांगावं लागलं नाही. मग विचारलं, की एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश. एकही पोरगं चुकलं नाही. छेद जितके जास्त, धार तितकी बारीक. तुमचंही उत्तर हेच, लिहून ठेवा!

बड्या बहनजी उठून म्हणाल्या, की शब्द हर असा आहे, मग म्हणाल्या, की पण आज छेदच राहू द्या. साहेबांनी रुमाल काढला आणि म्हणाले, की त्यांना हे शाळेत कुणी समजावलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी कारकुनांनी घरी येऊन सांगितलं. जागा माझी. शिक्षिकेची! मामींनी पुन्हा पेढे आणलेत. मामा म्हणतात, की या वेळी आधी नेमणुकीचा कागद वाचून घेऊ, मग डबा उघडू.

मुलांनी मला काय म्हणायचं, मॅडम की दीदी, असं बड्या बहनजींनी विचारलं. मी म्हटलं, बाई. त्यांना आधी पटेना. मी सांगितलं, की माझ्या मुलखात यापेक्षा मोठा शब्द नाही. आता शारदाताई पानीवाली बाई आणि मी छेदवाली बाई. दोघी हाकेला एकदमच ओ देतो.

ह्यांचंही पत्र आलं. पहिल्या वेळचं माझं पत्र त्यांनी सगळ्या पलटणीला वाचून दाखवलं होतं, आणि झाडूचं नि चेष्टेचं कळल्यावर तेही वाचून दाखवलं. तिथे आता कुणाला काही मिळेनासं झालं की म्हणतात, चेष्टा कर. गावी जायचं रद्द. सासूबाई गणपती आटोपून स्वतःच इकडे येणार आहेत, बाई झालेली सून बघायला.

आता तुमची पाळी. सप्टेंबर जवळ आलाय, छेद मोजत राहा.

तुमचीच,
मंगला, बाई (मराठीतली)


अंबाला छावणी
ता. २२ नोव्हेंबर १९७८

सौ. मंगलाबाईंना,
शिष्या रत्नप्रभेचा नमस्कार. होय, थोरल्या जावेचा धाकटीला नमस्कार. घे मुकाट्यानं.

पास झाले. अर्थशास्त्रात काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. पेपरात अपूर्णांक आले तेव्हा कच्च्या कामाच्या पानावर मी ओळीनं माठ काढले. पर्यवेक्षक माझ्या मागे बराच वेळ उभे होते. त्यांना वाटलं असेल, म्हातारीला तहान लागली. आज एकेचाळिसाव्या वर्षी मी बी. ए. आहे, आणि तुझ्या दादांनी स्वतःच्या हातानं शिरा केला. त्यात मीठ पडलं, तरी मी दोनदा घेतला.

दुसरी बातमी ऐक. ह्यांचा बदलीचा हुकूम आलाय. भोपाळ, बैरागड. डिसेंबरअखेर.

हुकूम हातात आला आणि मंगला, मी बावीस वर्षांत पहिल्यांदा आधी सर्टिफिकिटं बघितली नाहीत, आणि पातेलीही नाहीत. नुसती खुर्चीवर बसून राहिले. तू आणि मी एका घरात मिळून चार दिवस राहिलो असू, तेही लग्नाच्या गर्दीत. बाकी सगळी जाऊ मला टपालानं आलेली आहे. तिला आता मी डोळ्यांनी बघणार, तिच्या हातचा चहा पिणार, तिचं हिंदी कानांनी ऐकणार. मला फार फार आनंद झालाय, गं.

पण माझी गत तुला माहीत आहे. इथल्या बालवाडीतली माझी खुर्ची इथेच राहणार. पुन्हा नवं गाव, पुन्हा दारात उभं राहून मागणं. दर वेळी मी तुला शिकवत आले, की मान वर ठेव. खरं सांगू, या वेळी माझीच जरा खाली आहे. वय दिसतं आता. तुमच्या शाळेत काही जागा असली तर बघशील का? तू सांगशील ते करीन. बाईची असली तरी चालेल, दोन्हींपैकी कुठल्याही भाषेतली.

डबा मांडीवर घेऊन येत आहे. आशीर्वाद तूच दे, मी तिथे आल्यावर परत करीन.

तुझी,
रत्नप्रभाताई


तार
भोपाळ, २८ नोव्हेंबर १९७८
रत्नप्रभा जगदाळे, अंबाला छावणी
सर्व खुशाल. सरोजदीदी बदलीवर. बाईची जागा रिकामी. कोणत्या बाईची ते आधी विचारून घेतले. खुर्चीवरची. मान वर. या. मंगला